‘निलगिरी’ हे झाड निलगिरीचे नव्हे

काळा-नारिंगी माशीमार हा चिमणीहून लहान पक्षी जगात फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील उंच डोंगरांत आढळतो: निलगिरी, पलनी, अण्णामलई आणि आसपासच्या काही रांगा. नराचे डोके व पंख काळे, बाकी अंग पिकल्या संत्र्यासारखे. मादीत काळ्याच्या जागी तपकिरी छटा. तो स्थलांतर करीत नाही. त्याचे घर म्हणजे शोला, अर्थात डोंगराच्या घळीतले बुटके, ओलसर, सदाहरित रान. तिथेही तो ओल्या पाचोळ्यापासून हात-दोन हात उंचीवरच वावरतो. नेच्याच्या झुडपात पानांचे चेंडूसारखे घरटे, त्यात बहुधा दोनच अंडी.

या आठवड्याच्या पर्यटन पुरवणीत याच डोंगरांवरील निलगिरीच्या झाडांचे छायाचित्र ‘निसर्गाची देणगी’ या मथळ्याखाली छापून आले. हे झाड ऑस्ट्रेलियाचे आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते तिथे लावले आणि मराठीने त्याला डोंगराचेच नाव देऊन टाकले. चामडे कमावण्यासाठी लागणाऱ्या सालीचे वॅटलही तसेच बाहेरचे. स्वातंत्र्यानंतरही ही लागवड थांबली नाही, हे अधिक संतापजनक आहे.

१९७३ पासूनच्या उपग्रहचित्रांच्या एका अभ्यासानुसार शोलाच्या प्रदेशातील सुमारे ३४० चौरस किलोमीटर गवताळ डोंगरउतार परक्या झाडांखाली गेले आहेत. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. तशी तीन उद्याने! हे गवताळ उतार पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि ते झिरपत घळीतल्या शोलाला मिळते. उतार गेला की झरा आटतो. झरा आटला की पाचोळा कोरडा पडतो. चहाच्या मळ्यांसाठी तर शोलाच तोडले गेले. उरलेले तुकडे एकमेकांपासून तुटलेले आहेत आणि हवा तापली तर या पाखराला आणखी वर सरकायला डोंगरच उरत नाही. तरीही वॅटलचा डोंगर ‘हिरवा’ आणि गवताचा डोंगर ‘उजाड’ ठरतो.

महाराष्ट्रात तरी वेगळे काय चालले आहे? सोलापूर-नगरकडील माळरानांना ‘पडीक’ म्हणायचे, त्यांवर खड्डे खणून ग्लिरिसिडिया हे परके झाड लावायचे आणि झाडांचा आकडा जाहीर करायचा. वृक्षारोपणाच्या आकड्यांसोबत त्यासाठी किती गवताळ जमीन खणली, तोही आकडा छापला गेला पाहिजे.

— एक वाचक, पुणे