दार अडकले, ऐवज शाबूत

आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या यजमानांनी निवृत्तीनंतरची अकरा वर्षे एकाच कामाला दिली. ते काम म्हणजे घराण्याचा कुळवृत्तांत. कोकणातल्या मूळ गावापासून नागपूर, इंदूर, बडोद्यापर्यंत पांगलेल्या घरांची नावनिशी त्यांनी जमवली. पत्रे लिहिली, जुन्या दस्तऐवजांचे फोटो काढले, म्हाताऱ्या माणसांना बोलते केले आणि हे सगळे आपल्या लॅपटॉपमध्ये घातले. मग ते गेले. वर्षभर त्या लॅपटॉपला कुणी हात लावला नाही. पुढे कुलसंमेलन जवळ आले, मंडळाच्या लोकांनी मजकुराची चौकशी केली, तेव्हा काकूंनी तो उघडून बटण दाबले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच की, संगणकाला जिथून सुरू व्हायचे ते ठिकाण सापडत नाही.

काकू लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तिथे दोन मिनिटांत निदान झाले.

‘‘फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकतो. संध्याकाळी घेऊन जा.’’

‘‘अहो, पण त्यात ह्यांचं लिखाण आहे.’’

‘‘ते नाही राहणार, काकू.’’

काकूंनी पिशवी उचलली आणि त्या घरी परत आल्या. संगणकातले त्यांना फारसे कळत नाही. पण जे कळत नाही त्याला घाईने होकार द्यायचा नाही, एवढे त्यांना कळत होते. भल्याभल्या शिकलेल्यांना त्या क्षणी हे सुचत नाही. काउंटरवर उभे राहून आपण ‘बरं, टाका’ म्हणून मोकळे होतो आणि त्या दोन शब्दांत कित्येक वर्षांचे फोटो, हिशेब, पत्रे पुसली जातात.

माझे म्हणणे असे आहे की, बंद पडलेल्या संगणकातला ऐवज पुष्कळदा संगणक बंद पडल्यामुळे जात नाही. तो नंतर आपण आणि आपला दुरुस्तीवाला जे करतो त्यामुळे जातो. आणि जिथे तो खरोखरच हाती लागत नाही, तिथे त्याचे कारण बरेच आधी, आपल्याच घरात घडलेले असते.

संगणक चालू होतो म्हणजे काय होते, ते आधी पाहू. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या चिपमधला एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना, हे पाहतो. मग डिस्कवरच्या एका ठरलेल्या जागी जाऊन दुसऱ्या प्रोग्रॅमला उठवतो. तो विंडोजला उठवतो आणि मग आपला ओळखीचा पडदा दिसतो. या साखळीतली कोणतीही कडी निखळली तरी संगणक ‘बूट’ होत नाही. मेमरीची पट्टी सैल झाली, विंडोजचे अपडेट अर्धवट राहिले, अगदी नुसता पडदा गेला तरी आपल्याला दिसतो तो काळोखच. पण या साखळीत तुमच्या लेकीच्या लग्नाचे फोटो कुठेच नाहीत. ते त्याच डिस्कवर दुसरीकडे स्वस्थ पडून असतात. वाड्याचा दिंडी दरवाजा अडकला म्हणून माजघरातली भांडी नाहीशी होत नाहीत, तसेच हे.

याचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. त्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रॅमसाठी एक सदोष अपडेट पाठवले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. विमाने खोळंबली, आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या संगणकांतली माहिती गेली होती का? नाही. बिघाड एका फाइलीत होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल काढली की तो पुन्हा उभा राहत होता. जगभरच्या तंत्रज्ञांनी तेव्हा फॉरमॅट मारण्याचा सपाटा लावला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

थोड्या जुन्या वाचकांना २६ एप्रिल १९९९ चा सोमवार आठवत असेल. त्या दिवशी ‘सीआयएच’ नावाच्या व्हायरसने, म्हणजेच ‘चेर्नोबिल’ने, हाहाकार उडवला. तो डिस्कच्या अगदी आरंभीचा भाग शून्यांनी भरून टाकी. त्या आरंभीच्या भागात डिस्कची अनुक्रमणिका असते. ती गेल्यामुळे डिस्क कोरी दिसे, पण पुढची पाने बऱ्याच वेळा जागेवर असत. ज्यांनी धीर धरला, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे निघालेल्या प्रोग्रॅमांनी आपला ऐवज परत मिळवता आला. ज्यांनी त्याच संध्याकाळी डिस्क नव्याने भरायला घेतली, त्यांच्या जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला गेला. दोन प्रसंगांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे, पण धडा तोच आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे थांबायचे. दहादा बटण दाबून पाहायचे नाही. पडदाच गेला असावा अशी शंका असेल तर लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडून पाहावा. ते नसेल तर पेन ड्राइव्हचा मार्ग आहे. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. दुसऱ्या चालू संगणकावर ती पेन ड्राइव्हवर घालून घ्यायची आणि बंद पडलेला संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. ती डिस्कवर बसवायची नाही, नुसती ‘वापरून पाहायची’. आपली डिस्क तिथे एखाद्या कपाटासारखी उघडता येते. तिच्यातल्या फाइली बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. मदरबोर्डच गेला असेल तर डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालायची आणि दुसऱ्या संगणकाला जोडायची. ही डबी फार महाग नसते. संगणकाची दुरुस्ती या सगळ्याच्या नंतर. आधी ऐवज, मग यंत्र.

एक सावधगिरी मात्र हवी. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यातले काहीही घरी करू नये. त्या तबकडीवर वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. ती एकदा टेकली की प्रत्येक फेऱ्यागणिक ओरखडा वाढतो. अशा वेळी वीज बंद करून ती डिस्क माहिती परत मिळवण्याचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी. त्याला पैसे लागतात, आणि तो खर्च करावा की नाही हे आत काय आहे त्यावर ठरते. पण डिस्क उघडून पाहणाऱ्या हौशी माणसाच्या हाती ती देऊ नये.

‘फॉरमॅट केलं तरी नंतर काढता येतं’ असे दुकानांत अजून सांगितले जाते. एके काळी त्यात तथ्य होते. जुन्या डिस्कवर झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाई. आता बहुतेक लॅपटॉपांत एसएसडी असते. फॉरमॅट होताच विंडोज तिला ‘ही जागा आता मोकळी’ असे कळवते, आणि एसएसडी ती जागा आपल्या सोयीने खरोखरच मोकळी करते. मग कोणाचीही हुशारी चालत नाही. म्हणून तो शेवटचा उपाय आता पहिला म्हणून वापरणे पूर्वीपेक्षा जास्त घातक झाले आहे.

दुसरा बदल कुलपाचा आहे. विंडोज सुरू होताना आपण जो पासवर्ड टाकतो तो दाराशी बसलेल्या रखवालदारासारखा असतो. जुन्या लॅपटॉपची डिस्क बाहेरून वाचली तर तो वाटेतच येत नाही. (म्हणूनच यंत्र दुकानात टाकताना त्यात काय काय आहे याचा विचार करावा.) नव्या संगणकांत मात्र डिस्कवरचा मजकूरच सांकेतिक रूपात लिहिलेला असतो. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर म्हणतात. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की हे कुलूप बहुधा आपोआप लागते. मालकाला अनेकदा पत्ताही नसतो. त्याची किल्ली ४८ आकडी असते आणि ती त्या खात्यात जमा होते. २०२४ च्या त्या जुलैतही ज्या कचेऱ्यांत बिटलॉकर होते, तिथे एकेका संगणकासाठी ही किल्ली शोधत बसावे लागले. ॲपलच्या अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत तर साठवणुकीच्या चिपा पाटीलाच डाकलेल्या आणि त्याच यंत्राशी बांधलेल्या असतात. डबीत घालायला काही सुटेच होत नाही.

हे कुलूप वाईट नाही. लॅपटॉप रिक्षात राहिला तर याच कुलपामुळे आपली बँकेची कागदपत्रे परक्याच्या हाती जात नाहीत. पण चोराला जे कुलूप तोच न्याय वारसांना. आपल्या घरांतून संगणकाचा कारभार बहुधा एकाच माणसाकडे असतो. खाते त्याच्या नावाचे, पासवर्ड त्याच्या डोक्यात, किल्ली कुठे आहे ते त्यालाही ठाऊक नाही. बाकीच्यांचा त्याच्याशी संबंध ‘जरा फोटो लावून दे रे’ इतकाच. विम्याची पॉलिसी कुठे आहे, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कोणत्या फायलीत आहे, हे आपण बायकोला सांगून ठेवतो. वीस वर्षांचे फोटो कोणत्या खात्यात आहेत, हे सांगत नाही. मला यात निष्काळजीपणाइतकाच, ‘तुला त्यातलं काय कळणार’ हा जुना तोराही दिसतो.

दुरुस्तीवाल्याला सगळा दोष देण्यात अर्थ नाही. यंत्र चालू करून देण्याचे पैसे आपण त्याला देतो, फाइली राखण्याचे देत नाही. त्याच्या पावतीवर बारीक अक्षरांत ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असे छापलेले असते आणि आपण खाली सही करतो. तेव्हा मागणी आपणच बदलायला हवी. पावतीवर मोठ्या अक्षरांत ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, आधी फाइली काढाव्यात’ असे लिहून घ्यावे आणि त्या कामाचे वेगळे पैसे आनंदाने द्यावेत.

‘आमचं सगळं क्लाउडवर असतं’ असे सांगणाऱ्यांनीही एकदा खात्री करावी. फुकटची जागा भरली की नव्या फाइलींची प्रत जाणे थांबते. एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल दुसरीकडूनही पुसली जाऊ शकते. आणि त्या खात्याची किल्लीही शेवटी कुणाच्या तरी डोक्यातच असते. क्लाउडवर एक प्रत असावीच. पण घरात, संगणकाला कायम न जोडलेल्या डिस्कवर, आणखी एक असावी.

काकूंच्या लॅपटॉपचे पुढे काय झाले? तिसऱ्या मजल्यावरची इंजिनीअरिंगला असलेली मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. लॅपटॉप जुना होता, डिस्क फिरत्या तबकड्यांची होती आणि तिच्यावर कुलूप नव्हते. डिस्क टकटकत नव्हती, पण मधूनमधून अडखळत होती. म्हणून मुलीने शहाणपणाने विचारले, ‘‘काकू, आधी काय हवं?’’ काकू म्हणाल्या, ‘‘लिखाण. फोटो मागून.’’ तीन तासांत लिखाण सगळे उतरले. दस्तऐवजांच्या फोटोंपैकी काही वरून अर्धे स्पष्ट आणि खालून नुसते करडे निघाले. ती कागदपत्रे ज्या घरांत पाहिली, त्यांतल्या काही घरांना आता कुलपे आहेत. तेवढे गेलेच.

आता त्या मजकुराच्या दोन प्रती आहेत. एक मुलाकडे आणि एक काकूंच्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर काकूंच्या अक्षरात तारीख आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ती डिस्क लावून पाहायची, असे त्यांनी ठरवले आहे.

आज रविवार आहे. दुपारच्या जेवणानंतर घरातल्या संगणकाशी दोघांनी मिळून बसावे. जे पुन्हा मिळणार नाही त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. कुलूप लागलेले असेल तर ती ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून विम्याच्या कागदांत ठेवावी. आणि ती कुठे ठेवली, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगावे.