मोरीचं भोक केवढं?

आपल्या मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांनी यंदा साउथॅम्प्टनजवळ जुन्या शिडाच्या बोटी घेतल्या. शिडं, इंजिन, गाद्या सगळं पाहून होतं. कॉकपिटची, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेची, मोरी मात्र कुणी पाहत नाही.

२ मीटर लांब, १ मीटर रुंद, ४० सेंटिमीटर खोल कॉकपिट लाटेने भरलं, तर ८०० लिटर पाणी! दहा-अकरा धट्टेकट्टे पाहुणे एकदम बोटीच्या मागच्या टोकाला येऊन बसल्यासारखं. ते उठायच्या आत दुसरी लाट येते.

खोल समुद्रातल्या शर्यतींचे नियम ८.५ मीटरहून लहान बोटीला २५ मिलिमीटरच्या किमान दोन मोऱ्या सांगतात. ठीक. पण तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा १५ सेंटिमीटर उंच धरला, तर एवढं पाणी जायला माझ्या हिशेबाने साधारण ९ मिनिटं लागतात. व्यास ४० केला, की साडेतीन! व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात भोक मोठं होतं, हे आपण शाळेत घोकलेलंच आहे. वर जाळी बसवली, की हिशेब पुन्हा बिघडतो. त्यात मुलांच्या वेफर्सचं पाकीट अडकलं, तर विचारूच नका.

तळाची उंची मोजायची ती माणसं डबे-पिशव्यांसकट मागे बसल्यावर. रिकाम्या बोटीत सगळंच छान दिसतं. भरलेल्या बोटीत कधीकधी मोरीतूनच पाणी वर येतं.

बोट धक्क्याला बांधलेली असतानाच केबिनचं दार बंद करा, मोऱ्यांना बूच लावून कॉकपिट पाइपने भरा, मग बूच काढून घड्याळ लावा. मुलांना घेऊन निघण्याआधी.