गाडी बोलते, तिचे ऐका!

रायपूरहून भिलाईकडे निघालात की खारून नदीचा पूल ओलांडल्यावर कुम्हारी लागते. रायपूरची मराठी कुटुंबे नागपूरला लग्नकार्याला जातात ती याच वाटेने, आणि भिलाईकरांना रायपूरचे एम्स किंवा विमानतळ गाठायचे तर उलट दिशेने हीच वाट. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. कुम्हारी, पॉवर हाऊस, सुपेला इथल्या उड्डाणपुलांची कामे बरीच वर्षे चालली. त्या काळात बाजूच्या खडबडीत रस्त्यांनी किती गाड्यांची हाडे खिळखिळी केली, ते तिथल्या मिस्त्र्यांनाच ठाऊक!

खड्ड्याचे बिल उशिरा येते. एके दिवशी पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागते. आपण गॅरेजात जाऊन ‘आवाज येतो’ एवढेच सांगतो. मग ‘शॉकअप बदला, रॅक बदला’ अशी यादी हातात पडते. खर्च होतो, आवाज मात्र तसाच! डॉक्टरला नुसते ‘दुखतंय’ म्हणून भागत नाही. कुठे, केव्हा, काय केल्यावर, हे सांगावे लागते. गाडीचेही तसेच आहे.

आधी घरचे चोर शोधा. डिकीतला जॅक, पाने, स्टेपनी घट्ट आहेत ना? सीटखाली पाण्याची बाटली तर नाही? नुकतेच चाक बदलले असेल तर त्याचे नट आवळून घ्या. सैल नटाचा आवाज हा नुसता आवाज नसतो, तो धोक्याचा इशारा असतो.

आता आवाजाची जात ओळखा. आपली मराठी इथे फार कामी येते.

लहान खड्ड्यांवरून कमी वेगात जाताना खडखड, टकटक? पहिला संशय लिंक रॉडवर घ्या. भाग छोटा आणि तुलनेने स्वस्त. पण त्याच्याऐवजी शॉकअपचा बळी गेल्याची उदाहरणे पुष्कळ. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, किंवा बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी झुलतच राहिली, तर मात्र शॉकअपच संपला असे समजा.

ब्रेक दाबताना किंवा गाडी उचल घेताना एकच ‘ठक्’? लोअर आर्मचे बुश पाहा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की करकर? शॉकअपच्या वरचे माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग तपासा. पूर्ण वळण घेऊन गाडी हळू चालवताना कटकटकट? हा अ‍ॅक्सलचा जॉइंट. त्याचे रबर फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसेल. वेगाबरोबर वाढत जाणारी घोंघों? ते बहुधा चाकाचे बेअरिंग. आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग वळवताना कण्हू लागले, तर आधी तेलाची पातळी बघा.

खरी भीती दोन भागांची: बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला मोडून पडते. टाय रॉड सुटला तर स्टिअरिंग हातात राहते, पण चाक त्याचे ऐकत नाही. या दोन्हींची परीक्षा मिस्त्रीकडून समोर करून घ्या. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या चाकांना लाकडी ठोकळे लावून गाडी जॅकवर घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचे नाही. विटांवर तर मुळीच नाही, विटा फुटतात. मग चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवायचे. खेळ जाणवला तर संशय टाय रॉडवर किंवा रॅकवर. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. या दोघांपैकी एकही सैल निघाला तर ‘नागपूरहून आल्यावर बघू’ नको. गाडी तिथेच दुरुस्त करा, नाहीतर टो करून न्या.

अ‍ॅम्बॅसेडरच्या जमान्यात ग्रीसगन घेऊन सांधे न् सांधा भरायची पद्धत होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढे सीलबंद सांध्यांच्या गाड्याच सर्वत्र झाल्या. ग्रीसिंगची कटकट गेली, पण सांध्याचा जीव आता त्याच्या रबरी टोपीत आहे. टोपी फाटली की धूळपाणी आत शिरते आणि सांधा झिजत जातो. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला टोप्या बघायला सांगा.

दुरुस्तीनंतरच्या दोन गोष्टी विसरू नका. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचा भार चाकांवर असताना. चाके लोंबकळत असताना आवळले तर नवे बुशही पिळले जाऊन लवकर फाटते. दुसरे, टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलल्यावर अलाइनमेंट करायलाच हवे, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतील.

पुढच्या वेळी आवाज आला की डायरीत चार ओळी टिपा: वेग किती, रस्ता कसा, ब्रेक की वळण, डावीकडून की उजवीकडून. मिस्त्रीच्या हाती हा कागद द्या आणि त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. अंदाजाने बदललेल्या चार भागांचे पैसे वाचतील. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मागच्या सीटवर झोपलेली मुले सुखरूप घरी पोहोचतील.