डेटा सेंटर : इमारती उभ्या, वीज कुठून?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या परिसराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, करोनाकाळातल्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईने आपोआप त्यापासून तुटून तुर्भे आणि डहाणूच्या विजेवर तग धरावा, यासाठी १९८०च्या दशकापासून जी यंत्रणा शहराचे भूषण मानली जात होती, ती त्या दिवशी तोकडी पडली. शहराची मागणी वाढली होती. शहरातली वीजनिर्मिती मात्र त्या प्रमाणात वाढली नव्हती. शेअर बाजारांचे व्यवहार तेवढे सुरळीत पार पडले, कारण त्यांच्या संगणकांमागे बॅटऱ्या आणि डिझेल जनित्रांची फळी उभी होती.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघाले होते. डेटा सेंटर ही अंधारातही चालणारी वास्तू आहे, हा त्यातला सुखद निष्कर्ष. ज्या जाळ्यावर ती वर्षातले जवळपास सगळे तास अवलंबून असते, त्या जाळ्याला आता फारशी उसंत उरलेली नाही, हा दुसरा. पहिला निष्कर्ष कंपन्यांच्या माहितीपत्रकांत झळकला. दुसऱ्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

भारतातील डेटा सेंटरच्या एकूण क्षमतेपैकी सुमारे निम्मी मुंबई महानगर प्रदेशात आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, बँका व विमा कंपन्यांची मुख्यालये येथेच आहेत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक व अन्य कारखान्यांनी रिकाम्या केलेल्या जागा उपलब्ध होत्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिल्यावर या पट्ट्याचे भाग्य फळफळले. ऐरोली, रबाळे, महापे आणि पुढे पनवेलपर्यंत खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने पाच मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. राज्याच्या २०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांच्यासाठी सवलती आल्या. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड कंपनीने महाराष्ट्रात ७१ हजार कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचा करार केला. या सर्व घोषणा कोटींत झाल्या. जो माणूस प्रत्यक्ष ही केंद्रे चालवतो, त्याचा हिशेब मात्र कोटींत नसतो. तो मेगावॉटमध्ये असतो.

एकेकाळी डेटा सेंटरमधील जागा चौरस फुटांवर भाड्याने दिली जाई. आज करार किलोवॉटचे होतात. ग्राहक दहा वर्षांचा अंदाज बांधून वीज राखून ठेवतो, प्रत्यक्षात त्यातली अर्धीच वापरतो, आणि ती उरलेली वीज दुसऱ्या कोणाला देताही येत नाही. परिणामी दालनात रिकामे रॅक दिसत असतात आणि तरीही केंद्र ‘भरलेले’ असते. याच्या उलटही घडते. वीज शिल्लक असते, पण शीतयंत्रांची ताकद संपलेली असते. किंवा दोन्ही असतात, पण जमिनीची भार पेलण्याची मर्यादा आड येते. अडकून पडलेली ही क्षमता कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. व्यवस्थापकाची झोप उडवणारी बाब बहुधा हीच असते.

यातला एक धोका तर मुळातच लपलेला असतो. महत्त्वाच्या प्रत्येक सर्व्हरला दोन स्वतंत्र मार्गांनी वीज पुरवली जाते. एक मार्ग बंद पडला तर दुसऱ्याने संपूर्ण भार उचलावा, ही योजना. ती फलद्रूप व्हायची तर कोणताही मार्ग त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून अधिक भरता कामा नये. पण रॅकमध्ये आज एक सर्व्हर, महिन्याने आणखी दोन, असे करत दोन्ही मार्ग नकळत ६० टक्क्यांवर पोहोचतात. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सारे हिरवे दिसते, कारण ६० टक्के हा काही धोक्याचा आकडा नाही. मग एके दिवशी देखभालीसाठी एक मार्ग बंद केला जातो, दुसऱ्यावर १२० टक्के भार येतो, तेथील ब्रेकर उडतो आणि दोन्ही मार्ग असूनही दालन काळोखात जाते. दुहेरी व्यवस्थेवर केलेला खर्च त्या क्षणी शून्यवत ठरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हे गणित आणखी अवघड केले आहे. साधारण रॅकला पाच ते दहा किलोवॉट वीज लागते, या गृहीतकावर बहुतेक जुनी दालने बांधली गेली. एनव्हिडियाच्या ७२ प्रक्रियकांच्या एका रॅकला मात्र सुमारे १२० किलोवॉट लागतात. म्हणजे जेथे बारा ते चोवीस रॅक उभे राहत, तेथील वीज एकच रॅक गिळतो. तेवढी उष्णता थंड हवेचे झोत सोडून काढता येत नाही. प्रक्रियकाला भिडलेल्या धातूच्या पट्टीतून द्रव खेळवावा लागतो. संगणकाजवळ पाण्याचा थेंबही येऊ न देण्याच्या शिस्तीत ज्यांची कारकीर्द घडली, त्या अभियंत्यांना आता रॅकमध्येच नळ जोडण्याची वेळ आली आहे. पाच-सात वर्षांपूर्वी उभारलेल्या इमारतीत हा बदल करणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच.

हवामानही मुंबईला साथ देत नाही. उत्तर युरोपात बाहेरची थंड हवाच दालनात घेऊन वर्षातील बराच काळ शीतकरणाचा खर्च वाचवता येतो. मुंबईत ती सोय नाही. बाष्पीभवनावर चालणारी यंत्रणा कोरड्या हवेत उत्तम काम करते. मे-जूनमधील दमट हवेत तिचा प्रभाव घटतो आणि कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या शीतयंत्रांना पर्याय उरत नाही. केंद्राला मिळालेली एकूण वीज भागिले संगणकांनी वापरलेली वीज, हे गुणोत्तर कार्यक्षमतेचे माप म्हणून २००७ पासून रूढ आहे. जागतिक सरासरी गेली काही वर्षे १.५५ ते १.६ च्या आसपास रेंगाळते आहे. म्हणजे संगणकाने एक युनिट वापरले की आणखी अर्ध्याहून अधिक युनिट शीतकरण, रूपांतरातील गळती आणि दिव्यांवर जाते. संगणकांचा भार ५० मेगावॉट असलेल्या केंद्रात हे गुणोत्तर दीडवर असेल आणि भार पूर्ण असेल तर वर्षाला सुमारे ६५ कोटी ७० लाख युनिट लागतात. ते गुणोत्तर १.४ वर आणले तर ४ कोटी ३८ लाख युनिट वाचतात. युनिटमागे आठ रुपये धरले तरी ३५ कोटी रुपये. ही बचत पाण्याच्या मोबदल्यात पदरात पडत असेल तर तोही हिशेब मांडायला हवा. मात्र केंद्रे विजेविषयी जेवढी बोलतात तेवढी पाण्याविषयी बोलत नाहीत.

उष्णतेचे अंदाज चुकले तर काय होते, ते लंडनने १९ जुलै २०२२ रोजी पाहिले. पारा चाळिशीवर गेला आणि गूगल व ओरॅकल या दोन्ही कंपन्यांच्या तेथील केंद्रांतील शीतकरण कोलमडले. ती यंत्रे लंडनच्या जुन्या उन्हाळ्यासाठी निवडलेली होती.

संकटकाळी तारणारी साधनेच अनेकदा संकट ठरतात, हा या व्यवसायातला कटू अनुभव. वीज गेल्यापासून जनित्र भार घेईपर्यंत बॅटऱ्या केंद्र चालवतात. पूर्वी त्या शिशाच्या असत. आता कमी जागेत मावणाऱ्या लिथियम-आयन आल्या. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एक संपूर्ण डेटा सेंटर जळून खाक झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियात बॅटऱ्यांच्या खोलीत लागलेल्या आगीने काकाओ ही देशव्यापी संदेशसेवा ठप्प झाली आणि तिच्या सहमुख्याधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. एवढे होऊनही २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच देशात, देजॉन येथील सरकारी केंद्रात, लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण साठा फार मोठा असल्याने त्याची दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती. क्षमतेच्या अभावी टाळलेले काम किती महाग पडते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

डिझेलचेही तसेच. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या सखल भागात पाणी शिरले, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरील एका इमारतीत जनित्र वरच्या मजल्यावर सुरक्षित होते. इंधनाचा पंप मात्र तळघरात बुडाला. कर्मचाऱ्यांनी डिझेलचे डबे हातोहात १७ मजले वर चढवून केंद्र चालू ठेवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे ज्यांना आठवते त्यांना या कथेत परके काही वाटणार नाही. नवी मुंबईतील केंद्रे एक-दोन दिवसांचे डिझेल साठवतात. रस्ते पाण्याखाली असताना तिसऱ्या दिवशीचा टँकर कोणत्या वाटेने येणार, आणि तेच टँकर रुग्णालयांनाही हवे असतील तेव्हा आधी कोणाकडे वळणार, हे ठरलेले असायला हवे.

यंत्रे कितीही दुहेरी केली तरी ती हाताळणारा हात एकच असतो. २७ मे २०१७ रोजी लंडनमधील एका केंद्रात वीजपुरवठा तोडला गेला आणि मग घाईने, अनियंत्रितपणे पुन्हा जोडला गेला. त्या झटक्याने यंत्रे निकामी झाली आणि ब्रिटिश एअरवेजचे सुमारे ७५ हजार प्रवासी अडकून पडले. पहाटे तीन वाजता कोणता स्विच कोणत्या क्रमाने टाकायचा हे जाणणारे तंत्रज्ञ आपल्याकडे मोजके आहेत आणि नवे केंद्र उघडले की शेजारच्या केंद्रातील तंत्रज्ञ जास्त पगारावर तिकडे जातात. कार्यपद्धतीच्या वह्या मागे राहतात. त्या वाचून काम करणारा नवखा असतो.

येथवरचे प्रश्न कुंपणाच्या आतले. बाहेरचा प्रश्न अधिक गंभीर आहे. डेटा सेंटरची इमारत दीड-दोन वर्षांत उभी राहते; तिला वीज पुरवणारे उपकेंद्र आणि पारेषण वाहिनी त्याहून बराच काळ घेते. मुंबईची मागणी उन्हाळ्यात ४ हजार मेगावॉटच्या पुढे जाते आणि बाहेरून वीज आणणारे मार्ग मोजके. अनेक वर्षे रखडलेली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा कुठे शहराला सुमारे एक हजार मेगावॉट अधिक आणण्याची सोय झाली. शेकडो मेगावॉटची डेटा सेंटर संकुले आखली जात असताना ही भर किती दिवस पुरणार?

मागणी अचानक नाहीशी होण्यातही धोका असतो, हे अमेरिकेतील व्हर्जिनियाने दाखवले. १० जुलै २०२४ रोजी तेथे २३० केव्हीच्या एका वाहिनीत बिघाड होऊन विजेचा दाब लागोपाठ अनेकदा डळमळला. ठरावीक वेळा दाब घसरला की केंद्राने स्वतःच्या विजेवर जावे, अशी आज्ञा त्या केंद्रांच्या यंत्रणांत आधीच घातलेली होती. ती सुमारे ६० केंद्रांनी एकाच वेळी पाळली. दीड हजार मेगावॉट भार क्षणार्धात जाळ्यावरून उतरला आणि दाब व वारंवारिता सावरण्यासाठी नियंत्रकांची धावपळ उडाली. प्रत्येक केंद्राने स्वतःपुरते योग्य तेच केले होते. सर्वांनी ते एकदम केले, एवढेच. ऐरोली-महापे पट्ट्यातील केंद्रांच्या अशा आज्ञा राज्याच्या भारप्रेषण केंद्राला ठाऊक असायलाच हव्यात.

आयर्लंडचा धडा वेगळा. २०१५ मध्ये त्या देशाच्या विजेपैकी पाच टक्के डेटा सेंटर वापरत; २०२३ मध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले आणि सर्व शहरी घरांच्या एकत्रित वापरालाही त्याने मागे टाकले. डब्लिन परिसरात नव्या केंद्रांना जोडणी मिळणे २०२१ नंतर जवळपास थांबले. जगभरात डेटा सेंटरनी २०२४ मध्ये ४१५ अब्ज युनिट वापरल्याचा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. तो जागतिक वापराच्या दीड टक्का भरतो, म्हणजे फारसा भयावह नाही. पण हा वापर जगभर सारखा पसरलेला नाही. तो काही मोजक्या टापूंत एकवटतो आणि नवी मुंबई हा त्यांपैकी एक होऊ घातला आहे.

केंद्रचालक यावर हरित ऊर्जेच्या करारांकडे बोट दाखवतात. हे करार खोटे नाहीत. मात्र साताऱ्यातील पवनचक्की किंवा सोलापूरचा सौर प्रकल्प वर्षअखेरीच्या हिशेबात युनिटे जुळवून देतो. रात्री साडेनऊ वाजता लागणारी वीज बव्हंशी कोळशाचीच असते, आणि ती वाहून आणणाऱ्या तारांचा खर्च सर्व ग्राहकांच्या देयकांत वाटला जातो. त्यातला किती वाटा घणसोलीतल्या दोन खोल्यांच्या घराने उचलायचा, हे ठरवायचे तर कोणते केंद्र प्रत्यक्षात किती वीज घेते, किती राखून ठेवते आणि किती पाणी वापरते हे आधी उघड व्हावे लागेल. युरोपीय संघाने पाचशे किलोवॉटपासूनच्या केंद्रांना ही माहिती कळवणे २०२४ पासून बंधनकारक केले आहे. सवलती देणाऱ्या राज्याला सवलतीच्या अर्जातच ही अट घालता येईल. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही, वीज नियामक आयोगासमोर दरनिश्चितीची पुढची सुनावणी होण्याआधी एक तक्ता मागवला तरी पुरे.