आबाजींची तेरवी

गेल्या फेब्रुवारीत भोपाळला जाऊन आलो. निमित्त चांगले नव्हते. माझ्या आईचे वडील, म्हणजे आमचे आबाजी, ९२व्या वर्षी गेले आणि इंद्रपुरीतल्या त्यांच्या घरी तेरवी होती. नरखेडहून गाडीत बसलो. पांढुर्णा, आमला, बैतूल, इटारसी ही स्टेशने मला लहानपणापासून पाठ आहेत. सोबत आई होती आणि तिच्या हातात मृग बहराच्या संत्र्यांची पिशवी. "तेरवीला संत्री कशाला?" मी म्हणालो. आई काही बोलली नाही.

आपल्या वरुड-मोर्शीकडे बऱ्याच घरांतले एखादे तरी माणूस भोपाळला असते. त्याचे मूळ १९५६ सालात आहे. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. फायली गेल्या, त्यांच्यामागे कारकूनही गेले. आबाजी तेव्हा चोवीस वर्षांचे होते. दोन-तीन वर्षांत परत येऊ असे सांगून ते निघाले, ते वल्लभ भवनातून निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मधल्या काळात भेलच्या कारखान्याजवळ, इंद्रपुरीत घरही झाले.

दारातच पासष्ट वर्षांचे मामा माझ्या पाया पडले. भाच्याच्या पाया पडायची आपल्याकडची रीत त्यांनी तिथे जपली आहे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले, कारण सहा वर्षांत मी त्या घरी गेलो नव्हतो. मामी म्हणाल्या, "थकून गेले असाल, पहिले चहा घेऊन घ्या." ही मामींची मराठी. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे असले वाक्य कानावर पडले की आजवर मनातल्या मनात दुरुस्त करत आलो. मामांच्या मुलांची तर सगळी बोली हिंदीतच. घरातून मराठी गेली, ही माझी जुनी तक्रार.

मामांनी अस्थी होशंगाबादला नर्मदेत सोडल्या होत्या. गावाचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम झाले, पण घरात सगळे होशंगाबादच म्हणतात. तेरवीच्या स्वयंपाकावरून थोडी कुरकुर झाली. आचाऱ्याला पुरी-बुंदी ठाऊक होती, वडे आणि पुरण मामींनी स्वतः केले.

संध्याकाळी सगळे आजीभोवती बसलो. मामांच्या मुलाने सायकल शिकवणारे दादाजी सांगितले. त्याची आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "बड़े दादाजी संतरे के बीज निकालकर देते थे." मला हे आबाजी ठाऊकच नव्हते. माझ्या वाट्याला आलेले आबाजी वेगळे होते. मी पाठवलेल्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून ते पत्र मलाच परत पाठवायचे.

मग त्यांचे एक जुने सहकारी बोलू लागले. १९८४च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधली ती रात्र. युनियन कार्बाइडचा वायू जुन्या शहराकडे वाहत गेला, इंद्रपुरी बऱ्याच अंशी वाचली. सकाळी आबाजी स्कूटरवर घरातल्या रजया बांधून हमीदिया रुग्णालयात गेले. नंतरचे आठ दिवस कागद-पेन घेऊन तिथेच बसत. कोणाचे मूल, कुठल्या मोहल्ल्यातले, सोबत कोण होते, हे ते लिहून घ्यायचे. "लोग अपनों को ढूँढते आते थे, ये लिस्ट देखकर बताते थे," ते गृहस्थ म्हणाले. "इनकी लिखावट साफ थी ना."

आईने हे पहिल्यांदाच ऐकले. तेव्हा तिचे लग्न होऊन ती वरुडला आलेली होती. आजी शांतपणे म्हणाली, "रजया परत आल्या नाहीत. मी विचारलं नाही."

मला मात्र मागच्या दिवाळीतला फोन आठवत होता. शेवटी शेवटी आबाजी नकळत हिंदीत बोलायचे. दिवसभर सोबतीला असणारा मुलगा हिंदी भाषिक होता, त्याची सवय. "कैसे हो बेटा?" असे त्यांनी विचारले आणि मी म्हणालो, "आबाजी, माझ्याशी तरी मराठीत बोला." पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग "बरं" म्हणाले आणि फोन आजीकडे दिला. ते आमचे शेवटचे बोलणे. त्या बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी लाल शाईचीच गोष्ट सांगितली, सगळे हसले. फोनचे सांगितले नाही. इथेच पहिल्यांदा लिहितो आहे.

आईने पिशवी उघडली. ती छोटी मुलगी आजीला खेटून बसली आणि बिया काढून एकेक फोड तिच्या हातावर ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी निघताना आजीने विचारले, "आता केव्हा येशील?"

मी मे महिना सांगितला. परीक्षा आटोपतील, संत्री मात्र तेव्हा नसतील, असेही म्हणालो.

"नसू दे," ती म्हणाली. "तसाच ये."