मार्क पेपरला, मुलाला नव्हे

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि सन्माननीय विश्वस्तहो,



परीक्षेचे निकाल हातात पडले की शाळेत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पालक म्हणतात, "सर, हा पहिल्यापासूनच ढ आहे." आणि मुलगा खाली मान घालून म्हणतो, "मला काही येतच नाही." घडलेले असते एवढेच की गणिताच्या एका पेपरात कमी मार्क पडले. पण तेवढ्यावरून आपण अख्ख्या मुलाचा निकाल लावून मोकळे होतो. हे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला आधार मानसोपचाराच्या एका शाखेत आहे, म्हणून आज तिच्याविषयी थोडे लिहितो.

या शाखेला बोधात्मक उपचार म्हणतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉ. एरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. मन खचलेल्या रुग्णांचे बोलणे ऐकताना त्यांच्या लक्षात आले, की या माणसांच्या मनात काही विचार आपोआप येऊन जातात. 'मी निकामी आहे', 'पुढे काही चांगले होणार नाही'. रुग्णाला तो विचार वाटतच नाही, ती वस्तुस्थिती वाटते. मग बेक यांनी रुग्णाला सोबत घेऊन ते विचार तपासायला सुरुवात केली. या विचाराला पुरावा काय? उलट पुरावा काय? दुसरा अर्थ निघतो का? पुढच्या भेटीपर्यंत रुग्णाने घरी हाच अभ्यास लिहून करायचा.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी. तो बिघडलेले यंत्र नाही आणि डॉक्टर मिस्त्री नाही. तो स्वतःचे विचार स्वतः पारखू शकणारा माणूस आहे. डॉक्टर आणि तो, दोघे मिळून शोध घेतात. शिकणारा आणि शिकवणारा यांचे नातेही याहून वेगळे का असावे?

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास जवळपास हाच मार्ग स्वतंत्रपणे मांडला. त्याला मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. एलिस यांना तरुणपणी लोकांसमोर बोलण्याची भीती वाटे. त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा भाषणे करून ती घालवली. त्यांचे सांगणे असे, की माणसाच्या कृतीला जरूर चांगले-वाईट म्हणावे, पण त्यावरून संपूर्ण माणसाला शेरा मारू नये. आपल्या कलघटगीचे रंगीत पाळणे प्रसिद्ध आहेत. एखाद्या फळीवरची रेघ चुकली, तर कारागीर तेवढी रेघ सुधारतो, पाळणा चुलीत घालत नाही.

हा विचार मराठी माणसांपर्यंत पोहोचवण्यात मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. अनेक वर्षे त्यांचा एलिस यांच्याशी पत्रव्यवहार होता. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली. त्यांनीही लेखन आणि व्याख्याने यांतून हा विषय साध्या मराठीत घरोघरी नेला. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे मी 'मनोविज्ञान' हा शब्द शिकलो, पण 'मला जमणार नाही' हा विचार माझ्या मनात मराठीतच येई. आपली मुले बाजारात कन्नड बोलतात, घरी मराठी. मनातला विचार पकडायचा तर तो ज्या भाषेत येतो त्याच भाषेत पकडावा लागतो. म्हणून शाळेत मुलाला मन मोकळे करायचे असेल, तेव्हा त्याच्यावर भाषेचे बंधन घालू नये.

एक शंका काही जण घेतात, आणि ती रास्त आहे. दुःखाचे मूळ विचारात आहे असे म्हटले, तर दोष दुःखी माणसाच्याच माथी येत नाही का? पाऊस न झाल्याने पीक गेले, डोक्यावर कर्ज आहे, हे काही मनाचे खेळ नव्हेत. अगदी खरे. हे शास्त्रही तसे म्हणत नाही. संकट खरे आहे, त्यावर उपाय करायलाच हवा. पण 'पीक गेले' आणि 'मी कर्ता पुरुष म्हणून नालायक ठरलो' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले सत्य आहे. दुसरे तपासून पाहण्यासारखे आहे, आणि ते तपासले तर पहिल्याशी झुंजायला बळ उरते. 'सगळे छान आहे' असे खोटे समाधानही इथे कोणी देत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात 'आळशी', 'मंद' असे शेरे लिहू नयेत. 'अपूर्णांकांची उदाहरणे चुकतात, रोज दोन सोडवावीत' असे लिहावे. पालकांनी शेजारच्या मुलाशी तुलना करण्याआधी आपल्या मुलाला विचारावे, "पेपर पाहिलास तेव्हा मनात काय आले?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. विश्वस्त मंडळाने आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक शाळेत येईल, एवढी तरतूद करावी. रंगरंगोटी एक वर्ष थांबली तरी चालेल.

मूल अनेक दिवस गप्प असेल, जेवत-झोपत नसेल किंवा जीव नकोसा झाला असे बोलत असेल, तर घरगुती समजूत पुरेशी नाही. अशा वेळी डॉक्टर हवेत, कधी औषधही लागते. धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था आपल्यापासून दूर नाही. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, नापास होतो तो पेपर. तो पुन्हा देता येतो.

आपला,
मुख्याध्यापक