पाय टेकला की गुण गेला

एकदा सकाळी साडेसातला, पहिल्या लेक्चरच्या आधी, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा. आरसे काढलेले आहेत, सायलेन्सर बदललाय, टाकीवर कवटीचा स्टिकर आहे, हँडलला कसल्याशा तिबेटी पताका आहेत. आता जरा खाली वाका आणि चेन बघा. सुकी, तांबडी, बोटाने उचलली तर झोपाळ्यासारखी हलते. मागचं स्प्रॉकेट बघा, दात करवतीसारखे झालेत. म्हणजे स्टिकरला पैसे आहेत, चमचाभर तेलाला नाहीत!

जुलैमध्ये आपल्याकडचा सेकंड इयरचा एक मुलगा होटगी रोडला पडला ते सगळ्यांना माहीत आहे. चेन उतरली, मागच्या चाकात अडकली, चाक जाम झालं. कॉलर बोन मोडलं, एक सेमिस्टर गेलं. वेग चाळीसच्या आसपास होता, म्हणजे पोरगा काही स्टंट करत नव्हता. त्यानंतर नोटीस बोर्डावर काय लागलं तेही सगळ्यांनी वाचलंय: पुढच्या सेमिस्टरपासून हॉस्टेलच्या आवारात दुचाकी बंद.

माझं म्हणणं असं की बंदी गाडीवर आली, पडला मात्र मेंटेनन्स. आणि त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे, जो ऐकून मैत्रिणी हसल्या. तुम्हीही हसा, पण पूर्ण वाचा.

आधी माझा अधिकार सांगते. विजापूर रोडला बाबांचं छोटं गॅरेज आहे. मी त्या ऑइलच्या वासात वाढू नये म्हणून त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. मी मेकॅनिकल घेतलं. बाबा अजून त्यावर काही बोललेले नाहीत. असो.

उपाय म्हणजे एक खेळ आहे, मोटरसायकल ट्रायल. रेस नाही हं! यात वेगाला काही किंमत नाही. दगड, ओढा, चढ, लाकडाचे ओंडके असा एक छोटा टप्पा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर तीन, आणि पडलात, हद्दीबाहेर गेलात तर पाच. हे गुण दंडाचे, म्हणजे ज्याचे कमी तो जिंकला. आपल्या गॅदरिंगला आणि गावोगावच्या जत्रेत स्लो सायकल असते ना? सगळ्यात शेवटी येणारा पहिला, पाय टेकला की बाद? तोच प्रकार, फक्त खाली इंजिन आणि समोर दगड.

हा खेळ जुना आहे. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासून चालू आहे. आणि यात आपल्या ओळखीचं एक नाव आहे. १९५२ आणि १९५७ साली ती ट्रायल जॉनी ब्रिटन नावाच्या माणसाने जिंकली, ती रॉयल एन्फिल्ड बुलेटवर. म्हणजे जी गाडी आपल्याकडे पाटलाची, फौजदाराची, लग्नाच्या वरातीची, ती तिकडे चिखलात दगड चढत होती! कंपनीने त्याची आठवण म्हणून २०१९ मध्ये भारतात 'बुलेट ट्रायल्स' काढली, ३५० आणि ५००. उंच सायलेन्सर, एकच सीट, खाचांचे टायर. २०२० मध्ये ती बंदही झाली. दिसायला झकास, पण वजन पावणेदोनशे किलोच्या वर. खऱ्या ट्रायलच्या आजच्या गाडीचं वजन साधारण सत्तर किलो असतं, तिला बसायला सीटसुद्धा नसते. कारण बसायचंच नसतं. सगळा वेळ फुटरेस्टवर उभं. टोनी बू हा स्पॅनिश माणूस २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी जगज्जेता झाला, ते असं उभं राहूनच.

आता मुद्द्यावर येते. ट्रायलचा खेळ मला आवडतो तो उड्यांसाठी नाही. या खेळात गाडी ठीक नसेल तर ते ताबडतोब कळतं. हायवेवर ऐंशीने जाताना क्लचची केबल थोडी अडकते, ते तुम्हाला जाणवत नाही. दगडावर पुढचं चाक चढवताना अर्धा क्लच धरलाय आणि केबल अडकली, तर तुम्ही त्याच सेकंदाला खाली. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चटकन परत येत नाही? पाच गुण. बॉल रेसर खराब झालाय, हँडल मध्येच एका जागी अडकल्यासारखं होतं? पाच गुण. ताशी पाच किलोमीटरच्या वेगात पडून हे शिकायला मिळतं. होटगी रोडला शिकण्यापेक्षा बरं नाही का?

तयारीही फार महागडी नाही. पहिली गोष्ट एअर फिल्टर. आपल्या सोलापूरच्या धुळीला कमी समजू नका, काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. ट्रायलच्या गाडीला फोमचा फिल्टर असतो. तो केरोसिनमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवायचा, मग फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळायचा. आपल्यातले बरेच जण फिल्टर आपटून झटकतात आणि परत लावतात. ते म्हणजे मेसच्या ताटावरून नुसता हात फिरवून ते धुतलं म्हणणं झालं. (कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, तो बदलायचा.)

दुसरी गोष्ट बाबांनी शिकवली. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर अगदी करकचून आवळायचा नाही. हाताने जोर लावला तर फिरेल इतपतच ठेवायचा. गाडी पडली की लिव्हर फिरतो, मोडत नाही. दगडांत खेळणारे जगभर हेच करतात हे मला फार नंतर कळलं, बाबांना ते तालुक्यातल्या खड्ड्यांनी शिकवलं होतं.

मग गिअरिंग. पुढच्या स्प्रॉकेटचे दात १४ चे १३ केले तर १४ भागिले १३, म्हणजे चाकावरचा टॉर्क साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. चालण्याच्या वेगाने दगड चढायला हेच लागतं. इंजिनखाली चार-पाच मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच लावायचं, ते आपल्या वर्कशॉपमध्ये एका दुपारी होतं. पुढचा मडगार्ड उचलून वर बसवायचा, नाहीतर पहिल्या पावसात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. हे आपल्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि मनगटाला दोरीने बांधलेला किल स्विच. माणूस पडला, दोरी सुटली, इंजिन बंद. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच.

एक धोक्याची सूचना. यूट्यूबवर बघून कुणीतरी स्प्लेंडरच्या मागच्या टायरमध्ये पाच पीएसआय हवा ठेवेल. ट्रायलवाले तेवढीच ठेवतात हे खरं, पण त्यांचा मागचा टायर त्यासाठीच बनवलेला, ट्यूबलेस असतो. आपल्या ट्यूबच्या टायरमध्ये तेवढी हवा ठेवली तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व मुळातून उपटतो.

इथे फायनल इयरवाले म्हणतील, आम्हाला या दगडधोंड्यांत रस नाही, आम्ही जूनमध्ये लडाखला निघालोय. छान! मग हे तुमच्यासाठीच आहे. मनाली-लेह रस्त्यावर दुपारी बर्फ वितळून जे नाले रस्त्यावर येतात, त्यांत पाण्याखाली गोल गुळगुळीत दगड असतात. तिथे तुमचं शंभरचं टॉप स्पीड काय करणार? तिथे लागतं उभं राहून, एकाच गिअरमध्ये, पाय न टेकता पलीकडे जाणं. पाय टेकला तर बुटात बर्फाचं पाणी आणि पुढे पन्नास किलोमीटर थंडी.

आणि थंडीचं गणित सोलापूरकराच्या अंगात नसतंच. आपण चाळीस अंशाची माणसं. दहा अंश तापमानात साठच्या वेगाने गाडी चालवली तर उघड्या कातडीला ते पाच अंशासारखं लागतं. सगळ्यात आधी बोटं जातात, आणि बोटं म्हणजे ब्रेक. उत्तरेकडे दूधवाले हँडलवर जाड कापडी कव्हर चढवतात, त्यात हात घालून क्लच-ब्रेक धरतात. दिसायला गबाळं, पण हजारोंच्या ग्लोव्हजपेक्षा गरम. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवण्याची युक्तीही खरीच आहे, वारा अडतो. मात्र आतला बनियन सुती नको. आपल्या सोलापुरी टॉवेलचा जो गुण, घाम-पाणी शोषून धरणं, तोच थंडीत दुर्गुण. ट्रायलमध्ये, किंवा नाल्यातून गाडी ढकलताना, माणूस घामाने भिजतो आणि मग थांबल्यावर त्या ओल्या सुती कपड्यातच गारठतो.

गाडीलाही थंडी वाजते. ऑइलच्या डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत कमी घट्ट होतं. गोठवणाऱ्या पहाटे २०डब्ल्यू-५० काकवीसारखं होतं आणि त्याच वेळी बॅटरीचाही जोर कमी झालेला असतो. आता तर कित्येक गाड्यांना किकच नाही. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० चालतं असं लिहिलं असेल तर निघण्याआधी तेच भरा. वॉटर-कूल्ड गाडी असेल आणि कुणी रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं असेल, तर ते गोठून काय फोडेल ते मी सांगत नाही.

टायरच्या हवेचं तर फारच गमतीचं आहे. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. सोलापुरात ४० अंशाला गेजवर २९ पीएसआय भरली. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, म्हणजे त्यात बाहेरचे सुमारे १४ मिळवा, एकूण ४३. आता खर्डुंग लाला जा, उंची ५,३५९ मीटर (तिथल्या प्रसिद्ध पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, ते बरंच जास्त आहे). तापमान उणे ५ धरा. ४३ गुणिले २६८ भागिले ३१३, साधारण ३७. पण तिथे बाहेरचा दाब जेमतेम साडेसात. गेज दाखवेल २९! थंडीने काढून घेतलं ते उंचीने परत दिलं. उलट जानेवारीत पंजाबच्या मैदानात ५ अंशात गेलात तर उंची मदतीला नाही, २९ चे २४ होतात. मागच्या वर्षी आपल्यापैकी एकाने वर जाताना 'थंडीत हवा कमी होते' म्हणून आठ पीएसआय जास्त भरली आणि दिवसभर चाक दगडावरून टणाटण उडतंय म्हणून शॉकॲबला शिव्या दिल्या.

तर मागणी एवढीच. शनिवारी दुपारी दोन तास वर्कशॉप उघडं ठेवा. टॉर्क रेंच आपल्याकडे आहे, कपाटात कुलूपबंद आहे, ते बाहेर काढा. हॉस्टेलमधली प्रत्येक गाडी महिन्यातून एकदा तिथे आली पाहिजे: चेन, ब्रेक, केबल, हवा, नट. ती तपासून चिठ्ठी मिळाली तरच आवारात पार्किंग. आणि मागच्या मैदानाच्या कोपऱ्यात, जिथे बांधकामाचे दगड आणि मुरूम तसेच पडलेत, तिथे एक छोटा सेक्शन. गाडी एकच, जुनी शंभर सीसी, कॉलेजची. ती रस्त्यावर न्यायचीच नाही, कारण मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. बाहा स्पर्धेसाठी आपण वर्षभर खपून अख्खी चारचाकी बनवू शकतो, तर एका दुचाकीचं काय अवघड आहे?

स्टाफरूममधून एक आक्षेप आला तो रास्त आहे: कुणाला लागलं तर जबाबदारी कोणाची? लागेल. खरचटेल, एखाद्याचा घोटाही मुरगळेल. त्यासाठी हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, किल स्विच, एक सर हजर आणि पालकांची सही, हे सगळं लिहून दिलंय. पण बंदी घातली तर जबाबदारी संपते का? गाड्या विकल्या जाणार नाहीत. त्या गेटसमोरच्या गल्लीत भाड्याने लागतील आणि चेन तशीच सुकी राहील, फक्त आपल्याला दिसणार नाही. दुसरा आक्षेप मुलांकडून, की त्यापेक्षा नान्नजच्या माळावर जाऊन खेळू. कृपा करून नको. तो १९७९ पासून माळढोकचा अभयारण्याचा भाग आहे, त्या गवतात चाकं घालण्याचा आपल्याला काही हक्क नाही.

अर्ज रेक्टर सरांच्या टेबलावर आहे. त्यावर ४१ सह्या आहेत, त्यांतल्या ९ लेडीज हॉस्टेलच्या. जुलैमध्ये पडलेल्या त्या मुलाचीही सही आहे, डाव्या हाताने केलेली. मीटिंग सोळा तारखेला आहे. त्याआधी ज्यांना चेन साफ करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी या. केरोसिन आणि जुना टूथब्रश मी आणते, फडकं तुमचं.